आरसीसीबी अवेळी पडतो, दोषी सापडत नाही

झोपमोड
मंडळी, सल्ला हवा आहे. गेले काही आठवडे घरातली वीज मध्येच जाते. बोर्डावरचे छोटे खटके, म्हणजे एमसीबी, सगळे वर असतात. पडलेला असतो तो कडेचा रुंद, ज्यावर ‘टेस्ट’ बटण आहे, म्हणजे आरसीसीबी, करंटची गळती झाली की पडणारा. वर केला की निमूट बसतो. मग कधी तासाभराने पडतो, कधी दोन-दोन दिवस काही नाही.

पडण्याला काही ताळतंत्र नाही. बहुतेकदा गिझर चालू असताना, कधी इस्त्री लावल्यावर, तर कधी पहाटे सगळं घर झोपलेलं असताना. वायरमनने गिझरचं हिटिंग एलिमेंट बदललं. फरक शून्य. मग म्हणाला, आरसीसीबीच गेलाय. तो नवा आणला, तर नवा जुन्यापेक्षा तत्पर निघाला. आता त्याचं म्हणणं, ‘काढूनच टाकू, नाहीतरी एमसीबी आहेत ना.’ काढावा का?

आणखी एक विचित्र प्रकार. परवा रात्री वैतागून मी सगळे एमसीबी खाली केले आणि हा एकटाच वर ठेवला. तरीही पडला!

सावनी
काढू नका, काढू नका, काढू नका. बाकी तज्ज्ञ सांगतीलच.

उंटावरचा_शहाणा
काहीच चालू नसताना पडतो म्हणजे त्याला झोप लागत असणार. आमच्याकडे मी असाच पडतो, कुणी वायरमन बोलावत नाही.

काजवा
वायरमनचं ‘एमसीबी आहेत ना’ हे वाक्य ऐकून घाबरायला झालं. दोघांची कामं वेगळी आहेत. एमसीबी तार वाचवतो. जास्त लोड आला की आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि सावकाश पाडते. शॉर्ट झाला तर आतली कॉइल क्षणात खटका ओढते. माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही, कारण १६ अँपच्या एमसीबीच्या दृष्टीने माणसाच्या अंगातून जाणारा करंट म्हणजे किस झाड की पत्ती.

आरसीसीबी फक्त हिशेब बघतो. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का? कमी आला तर उरलेला भलत्या वाटेने जमिनीत जातोय. मग ती वाट गिझरच्या ओल्या एलिमेंटची असो नाहीतर तुमच्या अंगाची. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपचा असतो. १५ च्या खाली पडायला नको, ३० ला पडायलाच हवा. मधे कुठेही पडला तरी तो नियमातच बसतो. नवा जुन्यापेक्षा ‘तत्पर’ का, याचं उत्तर इथेच आहे. जुना समजा २७ ला पडत असेल, नवा २१ ला. म्हणजे गळती खरी आहे आणि दोन्ही उपकरणं शहाणी आहेत.

जुनाखांब
आमच्या काळी चिनी मातीचा फ्यूज होता. उडाला की तार बांधायची, संपला विषय. आता ही नाजूक खेळणी आली आणि रात्री-बेरात्री बोर्डाखाली स्टूल घेऊन उभं राहायची वेळ आली. १०० मिलिअँपचाही आरसीसीबी मिळतो. तो बसवा आणि निवांत झोपा.

काजवा
काका, १०० चा बसवला तर झोप लागेल, पण तो आगीपासूनच्या बचावासाठी आहे, माणसासाठी नाही. डाल्झील नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी माणूस हातातली तार कितपत करंटला स्वतःहून सोडू शकतो हे प्रयोग करून मोजलं होतं. पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिअँप, स्त्रियांची साधारण साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. १९६१ च्या सुमाराला त्यांनीच तिकडचं गळती पकडणारं उपकरण बनवलं, म्हणून अमेरिकेत ते ५ मिलिअँपच्या आसपास पाडतात. आपला ३० चा आकडा त्यामानाने सैल आहे. तो चालतो, कारण एवढी गळती झाली की तो फार तर ३०० मिलिसेकंदात पडायला हवा आणि गळती पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदात. झटका बसेलच, पण हृदयाचं गणित बिघडायच्या आत सुटका होते.

जुनाखांब
बरं बाई, १०० चा प्रस्ताव मागे. फ्यूजची आठवण मात्र मागे घेणार नाही.

तारजोड
मी हेच काम करतो. झोपमोड, आधी साधी गाळणी लावू.

घरातल्या सगळ्या पिना काढा. नुसता स्विच बंद करून भागणार नाही, पिनच बाहेर. स्विच फक्त फेज तोडतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्हीमागचं सगळं जाळं, चार्जर, सगळं. गिझर थेट जोडलेला असेल तर त्याची दोन्ही टोकं सोडवून घ्या. मग आरसीसीबी वर करून एक रात्र बघा. नाही पडला तर दोषी पिनेच्या पलीकडे आहे, एकेक उपकरण लावत जा. पडलाच तर दोषी भिंतीत आहे.

आणखी एक विचारतो, कारण लोक हे कधीच आपणहून सांगत नाहीत. त्रास सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं? नवं उपकरण, खिळा, ड्रिल, गळती, उंदीर, काहीही?

झोपमोड
तारजोडभाऊ, नवीन काहीच घेतलं नाही. ड्रिल नाही, उंदीर नाही. त्याआधी रंगकाम झालं होतं, पण त्याचा विजेशी काय संबंध. आज रात्री पिना काढून ठेवतो.

बेल_वाजवू_नका
अवेळी पडण्यावरून आमचा किस्सा. आमच्याकडेही असाच पडायचा, दिवसातून एक-दोनदा, वेळ रोज वेगळी. सगळ्यांवर संशय घेऊन झाला. फ्रीजवर कुणीच घेतला नाही, कारण तो तर चोवीस तास चालूच. निघाला फ्रीजच. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये मागच्या बाजूला बर्फ वितळवणारा एक हिटर असतो. तो काही तासांनी आपोआप चालू होतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. त्यात ओल शिरली होती. म्हणजे फ्रीज निर्दोष, कॉम्प्रेसर निर्दोष, आणि दिवसातली ती काही मिनिटंच गळती. झोपमोड यांच्या पहाटेच्या पडण्यामागे हेच असणार, लिहून ठेवा.

अक्षता_त
भारी माहिती. आमचा फ्रीज कधी बर्फ वितळवतो हे मी आजवर कधी पाहिलेलं नाही, आता रात्री जागून बघणार.

धाग्यात घुसखोरी करते, माफ करा. आमच्याकडे आरसीसीबी नाही, साधा एमसीबीच पडतो. १६ अँपचा आहे, त्यावर एसी आणि इस्त्री. त्याजागी ३२ चा टाकला तर?

तारजोड
अजिबात नाही. भिंतीत तार कोणत्या जाडीची आहे ते बघून एमसीबी ठरतो, एसीची हौस बघून नाही. १६ च्या लाइनला अडीच चौरस मिलिमीटरची तार धरली, तर ३२ चा एमसीबी लावल्यावर पंचवीस-तीस अँप खुशाल वाहतील, एमसीबी शांत राहील आणि तापेल भिंतीतली तार. पडणारा एमसीबी बरा, न पडणारा नको.

तुमचा कधी पडतो? एसी सुरू होताक्षणी की अर्ध्या-पाऊण तासाने?

अक्षता_त
अर्ध्या तासाने. आणि आता इस्त्री नसताना, नुसत्या एसीवर सुद्धा. आधी असं नव्हतं.

तारजोड
मग माझा संशय ढिल्या स्क्रूवर. लगेच पडला असता तर म्हटलं असतं, कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या झटक्याने पडतोय, ‘बी’ प्रकार काढून ‘सी’ लावा. ‘बी’ तीन ते पाचपट झटक्याला क्षणात पडतो, ‘सी’ पाच ते दहापटीपर्यंत धीर धरतो. पण अर्ध्या तासाने पडतोय म्हणजे उष्णता. टर्मिनलचा स्क्रू ढिला असला की तिथेच चहूबाजूंनी तापतं आणि ती ऊब एमसीबीच्या आतल्या पट्टीला लागते. करंट बारा अँपच, पण पट्टीला वाटतं वीस. मेन बंद करून झाकण उघडायला सांगा. त्या एमसीबीच्या तोंडाशी तारेचं प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झालं असेल, बोटाने वाकवलं तर तडकेल. तेवढा तुकडा कापून, नवी तार सोलून, स्क्रू नीट आवळायचा. एमसीबीचं तोंडही करपलं असेल तर तोही बदला, त्याच रेटिंगचा.

आणि एसी-इस्त्री एका लाइनवर ठेवू नका.

उंटावरचा_शहाणा
‘करंट बारा, पण पट्टीला वाटतं वीस.’ माझ्या साहेबांचं वर्णन एका ओळीत.

झोपमोड
अहवाल. सगळ्या पिना काढल्या, फ्रीजचीसुद्धा, गिझरची दोन्ही टोकं सोडवली. रात्री साडेतीनला पडला. बेल_वाजवू_नका, फ्रीज सुटला.

शून्य_व्होल्ट
उशिरा येतोय. पण उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये आहे आणि गंमत म्हणजे त्यावर फक्त विनोद झाला. सगळे एमसीबी खाली असताना आरसीसीबी पडला, हे विचित्र नाही. हाच पुरावा आहे.

घरातले बहुतेक एमसीबी एका पोलचे असतात, फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळे एका पट्टीवर एकत्र जोडलेले असतात आणि ते एमसीबी खाली असतानाही आरसीसीबीला जोडलेलेच राहतात. तेव्हा फेजची गळती अशक्य, तरी आरसीसीबी पडतोय. उरतो कोण? न्यूट्रल. घरात कुठेतरी न्यूट्रलची तार अर्थला, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या तारेला, टेकते आहे.

जुनाखांब
न्यूट्रलमध्ये व्होल्टेजच नसतं, टेस्टर लावला तर पेटत नाही. मग गळणार काय, कपाळ?

शून्य_व्होल्ट
काका, टेस्टर पेटत नाही एवढं खरं, शून्य असतं हे खरं नाही. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँप घेतो. घरापर्यंत येणाऱ्या न्यूट्रलचा रोध समजा ०.२ ओहम. म्हणजे गिझर चालू असताना घरातला न्यूट्रल जमिनीपेक्षा सुमारे पावणेदोन व्होल्ट वर उचलला जातो. टेस्टरला हे दिसत नाही, हाताला लागत नाही. पण तो न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल आणि त्या वाटेचा रोध २० ओहम असेल, तर ८७ मिलिअँप त्या वाटेने जमिनीत निघून जातात. आरसीसीबीच्या हिशेबात तेवढे कमी भरले, तो पडला. टेकणं घट्ट नसेल आणि रोध ७० ओहम झाला, तर २५ मिलिअँप. कधी पडेल, कधी नाही. लागतंय ना झोपमोड यांच्या वर्णनाशी?

म्हणून गिझर बदनाम झाला, मग इस्त्री. दोघांचा गुन्हा एवढाच की ते जास्त करंट घेतात. दोष भलत्याच लाइनवर असू शकतो, जिथे काहीही चालू नाही.

सावनी
पण पहाटे? तेव्हा तर गिझर नव्हता. आणि एमसीबी खाली असताना तर घरात करंटच नाही, मग न्यूट्रल वर उचललाच कसा?

शून्य_व्होल्ट
अचूक शंका. न्यूट्रल तुमच्या एकट्याचा नसतो. इमारतीपर्यंत येणारी तार शेजाऱ्यांचीही तीच. शेजारचा गिझर, वरच्या मजल्यावरचा एसी, पंप, यांचा करंट त्याच न्यूट्रलने परत जातो आणि तो उचलला गेला की तुमच्या घरातलाही उचलला जातो. तुमचे सगळे एमसीबी खाली असोत की वर.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे आंघोळ शेजाऱ्यांची आणि अंधार झोपमोड यांच्याकडे. मी उगाच विनोद करत होतो, वास्तव पुढे आहे.

तारजोड
शून्य_व्होल्ट यांच्याशी पूर्ण सहमत. ‘रंगकाम झालं होतं’ हे वाचल्यापासून मी याच्याच जवळपास फिरत होतो. रंगारी काय करतात? सगळ्या स्विचबोर्डांच्या प्लेटी काढतात आणि रंग सुकला की परत बसवतात. स्क्रू सगळे एका डब्यात, लांब-आखूड एकत्र.

शोधायची पद्धत सांगतो, पण हे वायरमननेच करायचं. आरसीसीबी खाली असला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच, त्यामुळे शक्यतो मीटरजवळचा मेन बंद करून घ्या आणि टेस्टरने खात्री करा. मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडवून, कोणत्या लाइनची ते चिठ्ठी लावून, प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यामध्ये मोजायचं. मल्टिमीटरवर चांगली तार काहीच दाखवणार नाही. टेकलेली असेल ती काही ओहम दाखवेल. पण इथे टेकणं धड नाही असं दिसतंय, तेव्हा मल्टिमीटर फसवू शकतो. मेगर, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा रोध मोजणारा मीटर, आणायला सांगा. तो ५०० व्होल्ट डीसी लावून बघतो, कमीत कमी १ मेगाओहम यायला हवा. मेगर लावायच्या आधी त्या लाइनवरची सगळी उपकरणं काढलेली हवीत. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि एलईडी दिवेसुद्धा, नाहीतर एक दोष शोधताना चार नवे तयार होतील.

काजवा
वायरमनकडे क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, असेल तर आधी एक सोपी गोष्ट करता येते. मिलिअँप मोजणारा हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात घ्यायच्या. जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि उरते फक्त गळती. काही न सोडवता लाइन कळते.

आणि हो, पाच-सहा संगणक असलेल्या घरात प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडी गळती कायम असते, ती बेरीज करून बघा. इथे तो प्रश्न नाही, पिना सगळ्या बाहेर होत्या.

बेल_वाजवू_नका
फ्रीजवर माझा अजूनही संशय आहे.

सावनी
पिन काढलेल्या फ्रीजवर? :-)

झोपमोड
सापडला! आज दुसरे वायरमन आले, मेगर घेऊन. हा धागा त्यांना वाचून दाखवला. हसले, आणि म्हणाले, ‘रंगकामवाला मुद्दा ज्याने काढला तो माणूस हाताने काम करणारा आहे.’

सगळ्या न्यूट्रल तारा सोडवून मोजल्या. मुलांच्या खोलीच्या लाइनला मेगरचा काटा शून्याला चिकटला, बाकी सगळ्या उत्तम. त्या खोलीत एकेक बोर्ड उघडत गेले. अभ्यासाच्या टेबलामागचा सॉकेट, ज्यात गेल्या वर्षभरात कुणी काही लावलेलं नाही. प्लेटचा खालचा डावा स्क्रू बाकीच्यांपेक्षा बोटाच्या पेराएवढा लांब. तो लोखंडी बॉक्सच्या कानातून आत जाऊन काळ्या न्यूट्रल तारेवर टेकलेला. तारेचं प्लास्टिक चिरलं होतं आणि फटीतून तिळाएवढं तांबं चमकत होतं, कडेने किंचित हिरवट. बॉक्स अर्थला जोडलेला, अगदी नियमाप्रमाणे. बोर्ड बोटाने दाबला की मेगरचा काटा हलायचा. टेबल भिंतीला कुणी टेकवलं की पडत असणार!

तेवढी तार कापून नवी जोडली, आखूड स्क्रू लावला. बाकीच्या प्लेटींचे स्क्रूही तपासले, आणखी एक लांब निघाला, सुदैवाने रिकाम्या कोपऱ्यात. सगळं जोडून गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन एकदम लावून बघितलं. नाही पडला. मग टेस्ट बटण दाबलं, तेव्हा खटकन पडला.

अक्षता_त
वा! आणि आमचंही झालं. तारजोड, अगदी तुम्ही म्हणालात तसं, तार तपकिरी आणि वाकवली तर तडकली. एमसीबीचं तोंडही काळं होतं. १६ चाच नवा बसवला, इस्त्री दुसरीकडे नेली.

काजवा
अभिनंदन दोघांचंही. टेस्ट बटणाबद्दल एक जोड देते. ते बटण आतल्या एका रोधातून थोडा करंट मुद्दाम हिशेबाबाहेर पाठवतं. त्यामुळे आरसीसीबीचा खटका चालतो हे कळतं. घरातलं अर्थिंग ठीक आहे की नाही हे त्यावरून अजिबात कळत नाही. अर्थिंग पूर्ण तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर तो पडेलच. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून लाकडी स्टुलावर उभ्या राहिलेल्या माणसाला आरसीसीबी वाचवू शकत नाही. त्याच्या हिशेबात तो माणूस म्हणजे एक दिवाच.

जुनाखांब
स्टुलावरचा माणूस म्हणजे मी, हे कळलं. आमच्याकडे उद्याच बसवून घेतो. ३० चा.

रातकिडा
धागा वाचून काढला, आता माझा प्रश्न. इन्व्हर्टर बसवल्यापासून दिवाणखान्यातला कुठलाही दिवा लावला की त्याच क्षणी आरसीसीबी पडतो. दिवा बंद ठेवला तर दिवसभर काही नाही. इथेही न्यूट्रल अर्थला टेकलाय का?

शून्य_व्होल्ट
नाही. टेकला असता तर दिव्यासारख्या छोट्या लोडवर इतका नेमका पडला नसता. तुमच्याकडे इन्व्हर्टरला जाणारी फेज बहुधा आरसीसीबीच्या आधीच काढलेली आहे आणि दिव्यांचे न्यूट्रल मात्र त्याच्या नंतरच्या पट्टीवर राहिलेत. करंट जाताना आरसीसीबी चुकवून जातो, येताना त्यातून येतो. दिव्याला लागणारा सगळाच करंट त्याला गळती वाटतो. ४० वॅटचा एक दिवासुद्धा २३० व्होल्टला १७० मिलिअँपच्या वर घेतो, पुरेसं आहे.

इन्व्हर्टर बसवणाऱ्यालाच बोलवा. फेज आणि तिचा न्यूट्रल दोन्ही आरसीसीबीच्या एकाच बाजूला आणायला सांगा, शक्यतो नंतरच्या, म्हणजे दिव्यांनाही संरक्षण राहील. तो ‘आरसीसीबी काढून टाकू’ म्हणाला तर त्याला हा धागा वाचायला द्या.

तारजोड
आणि काम झाल्यावर मेन बंद करून, इन्व्हर्टरवर दिवे चालू ठेवून एकदा बघा. मग मेन चालू करून परत. दोन्ही वेळा टिकला तरच त्याला जाऊ द्या.